लठ्ठपणा रोखण्यात स्थानिक आरोग्य विभाग काय करतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सार्वजनिक आरोग्यावर लिहायला लागल्यापासून या विषयावर वाचकांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही शांतपणे विचारलेले आहेत, काही चिडून. चिडलेले प्रश्न तसेच ठेवले, कारण बहुतेक वेळा खरा मुद्दा त्यांच्यातच असतो. आधी साधे प्रश्न घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. कुणी किती खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. सरकारी खातं मध्ये कशाला?

ताटात काय वाढून घ्यायचं हे माणूस ठरवतो, हे खरं. पण जवळपास काय मिळतं, त्यातलं स्वस्त काय, शाळेच्या आवारात पाण्याचा नळ चालू आहे की शीतपेयाचं यंत्र, घरापासून बसथांब्यापर्यंत चालायला पदपथ आहे की नाही, हे तो एकटा ठरवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या आकड्यांनुसार जगातल्या सुमारे २५० कोटी प्रौढांचं वजन प्रमाणाबाहेर होतं आणि त्यातले सुमारे ८९ कोटी लठ्ठपणाच्या व्याख्येत बसत होते. प्रौढांमधलं लठ्ठपणाचं प्रमाण १९९० पासून दुपटीहून जास्त वाढलं. आता यातून अर्थ काय काढायचा? जगभरच्या माणसांचा संयम एकाच वेळी सुटला, की त्यांच्या भोवतालचं काहीतरी बदललं? मला दुसरं पटतं. आरोग्य विभागाचा संबंध येतो तो या भोवतालाशी. कुणाच्या ताटात डोकावणं हे त्याचं काम नाही.

२. स्थानिक आरोग्य विभाग म्हणजे आपलं सरकारी रुग्णालयच ना?

नाही. रुग्णालय आजारी माणसाची वाट बघतं. आरोग्य विभागाचा रुग्ण म्हणजे अख्खं शहर किंवा जिल्हा: पाणी, अन्नतपासणी, लसीकरण, साथी, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि अलीकडच्या काळात मधुमेह, लठ्ठपणा यांसारखे हळूहळू वाढणारे त्रास.

रचना मात्र देशोदेशी वेगळी. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१३ पासून सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी राष्ट्रीय आरोग्य सेवेकडून स्थानिक परिषदांकडे आली. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक स्थानिक आरोग्य विभाग आहेत. काहींच्या मागे स्वतः नियम करू शकणारं आरोग्य मंडळ असतं, तर काहींच्या हातात फक्त सल्ला देणं असतं. म्हणून ‘विभाग काहीच का करत नाही’ असं विचारण्याआधी कायद्याने त्याच्या हाती काय दिलंय ते बघावं. हा फरक किती महागात पडू शकतो ते प्रश्न १३ मध्ये आहे.

३. लठ्ठपणा नक्की कुठून सुरू होतो? आणि बीएमआय तर फसवा असतो म्हणतात.

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. प्रौढांसाठी २५ आणि त्यापुढे जादा वजन, ३० आणि त्यापुढे लठ्ठपणा, ही जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण रेघ. आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका कमी वजनालाच वाढलेला दिसतो, म्हणून २००४ मध्ये संघटनेच्या तज्ज्ञगटाने त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे टप्पे सुचवले. मुलांसाठी असा एकच आकडा चालत नाही. वय आणि लिंगानुसार तक्ते असतात.

फसवा आहे का? एका माणसापुरता, हो, असू शकतो. त्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, चरबी पोटावर आहे की मांड्यांवर हेही कळत नाही. २०२५ च्या जानेवारीत एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ आयोगाने लठ्ठपणाचं निदान केवळ बीएमआयवर करू नये, कमरेचा घेर किंवा चरबीचं थेट मापन जोडावं आणि अवयवांवर परिणाम झालाय का हे वेगळं बघावं, असं सुचवलं. पण विभागाला एका माणसाचं निदान करायचं नसतं. कुठल्या भागात, कुठल्या वयात प्रमाण वाढतंय ते बघायचं असतं, आणि त्यासाठी स्वस्त, सोपा बीएमआय पुरतो. गडबड होते ती समूहासाठीचा आकडा माणसाच्या कपाळावर चिकटवल्यावर.

४. मला स्वतःचं वजन कमी करायचंय. विभागात गेलो तर कोणी भेटेल का?

काही ठिकाणी आहारतज्ज्ञाचं समुपदेशन किंवा गटवर्ग विभागच चालवतो, बऱ्याच ठिकाणी तुम्हाला डॉक्टरांकडे पाठवतो. चौकशी जरूर करा. पण मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण किंवा एखाद्या औषधामुळे वाढलेलं वजन असेल, तर आधी डॉक्टर.

५. पोस्टर, शिबिरं आणि आरोग्य सप्ताह. यापलीकडे विभाग करतो तरी काय?

पोस्टर सगळ्यात जास्त दिसतं आणि सगळ्यात कमी कामाला येतं, असं माझं मत. ‘साखर कमी खा’ हे न ऐकलेला माणूस आता सापडणं कठीण. विभागाची खरी ताकद कंटाळवाण्या कागदांत असते: परवान्याच्या अटी, तपासणीचा तक्ता, खरेदीची निविदा.

न्यूयॉर्क शहराचं उदाहरण घ्या. तिथल्या आरोग्य मंडळाने २००६ मध्ये पाळणाघरांच्या परवान्याचे नियम बदलले आणि २००७ पासून ते लागू झाले. साखर घातलेली पेयं बंद. फळांचा शुद्ध रस दिवसाला साधारण १८० मिलिलिटरपर्यंतच. दोन वर्षांवरच्या मुलांना कमी स्निग्धांशाचं दूध. पिण्याचं पाणी दिवसभर हाताशी. दिवसभराच्या पाळणाघरात तीन वर्षांवरच्या मुलांना रोज ६० मिनिटं अंग हलेल असा खेळ. दोन वर्षांखालच्या मुलांना टीव्ही नाही. या सगळ्यात एकाही आईबापाला उपदेश नाही, हे लक्षात घ्या. निरीक्षक तसाही स्वच्छता आणि सुरक्षितता बघायला जातच असतो. त्याच्या तक्त्यात चार रकाने वाढतात आणि फ्रिज उघडून दूध कुठलं आहे ते बघितलं जातं. मूल रडलं, शेजारच्या पाळणाघरात रस मिळतो असं म्हणालं, तरी फरक पडत नाही, कारण शेजारीही तोच नियम.

दुसरं हत्यार खरेदीचं. शहराचं प्रशासन स्वतः मोठं गिऱ्हाईक असतं: शाळा, वसतिगृहं, वृद्धाश्रम, तुरुंग, रुग्णालयं. न्यूयॉर्कने २००८ मध्ये शहराच्या पैशातून विकत घेतल्या जाणाऱ्या अन्नासाठी पोषणाचे निकष ठरवले. मीठ किती, साखर किती, भाजी किती, हे निविदेतच लिहिलं की ठेकेदार हुज्जत घालत नाही. त्याला बिल काढायचं असतं.

उरलं मोजणं (प्रश्न ६) आणि बाकीच्या खात्यांना एका टेबलाभोवती बसवणं (प्रश्न १६).

६. शाळेत पोरांची वजनं मोजून काय मिळतं? वजन केल्याने कुणी बारीक होत नाही.

होत नाहीच. मोजणी हा उपाय नव्हे, कुठे उपाय हवा ते दाखवणारा नकाशा आहे. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे ४-५ वयाला, आणि शेवटच्या वर्षाला, म्हणजे १०-११ वयाला, सगळ्या सरकारी शाळांत मुलांची उंची-वजनं घेतली जातात. त्यातून जे चित्र वर्षानुवर्षं दिसतं ते असं की गरीब वस्त्यांत लठ्ठपणाचं प्रमाण श्रीमंत वस्त्यांच्या साधारण दुप्पट आहे, आणि पहिल्या ते शेवटच्या वर्षापर्यंत ते खूप वाढतं. ही माहिती नसती तर पैसा ज्याचा आवाज मोठा त्या वस्तीत गेला असता.

पण मोजणी कशी होते यावर सगळं अवलंबून. चांगली मोजणी अशी: वेगळी खोली, निदान पडदा, आत एका वेळी एकच मूल. बूट आणि जाड जाकीट काढलेलं. टाचा, कुल्ले, पाठ उंचीच्या पट्टीला टेकलेली, नजर समोर. काटा टणक, सपाट फरशीवर, गालिच्यावर नाही, आणि सुरुवातीला माहीत असलेलं वजन ठेवून तो तपासलेला. आकडा मुलाला न ऐकवता थेट नोंदीत. उंची दोन सेंटिमीटरने चुकली तरी १४० सेंटिमीटर, ४० किलोच्या मुलाचा बीएमआय २०.४ ऐवजी २१ येतो, म्हणजे ही काटेकोर शिस्त हौसेची नाही. वाईट मोजणी कशी असते ते सांगायची गरज नसावी: वर्गासमोर रांग, एकजण आकडा ओरडतो, दुसरा लिहितो, आणि मागची मुलं ऐकतात. अशी मोजणी होणार असेल तर न झालेली बरी.

७. मोजणीनंतर ‘तुमच्या पाल्याचं वजन जास्त आहे’ असं पत्र घरी आलं. मुलगी दोन दिवस जेवली नाही. हे असं पाठवणं बरोबर आहे का?

आधी मुलीकडे बघा, पत्राकडे नंतर. तिच्यासमोर वजनाची चर्चा, तुलना, ‘आजपासून गोड बंद’ असं काही नको. जेवण टाळणं, लपून खाणं, खाल्ल्यावर उलटी काढणं चालूच राहिलं तर बालरोगतज्ज्ञांना आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. पत्रातला आकडा त्यापुढे किरकोळ आहे.

अशा पत्रांबद्दल पुरावा काय सांगतो? अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याने २००३ च्या कायद्याने सगळ्या शाळांतून पालकांना बीएमआयचे अहवाल पाठवायला सुरुवात केली आणि इतर राज्यांनी ती कल्पना उचलली. पुढे कॅलिफोर्नियात ७९ शाळांतल्या सुमारे २८ हजार विद्यार्थ्यांवर नीट प्रयोग झाला. काहींच्या घरी अहवाल गेला, काहींच्या नाही, काहींची मोजणीच केली नाही. घरी अहवाल गेल्याने मुलांच्या बीएमआयमध्ये फरक पडला नाही. उलट शाळेत वजन झालेल्या मुलांत स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी काहीशी जास्त आढळली.

त्यामुळे माझ्या मते मोजणी करावी, आकडे विभागाने वापरावेत, घरी पत्र सरसकट पाठवू नये. पाठवायचंच तर बंद पाकिटात, पालकांच्या नावे, सोबत संपर्काचा माणूस आणि पुढे मिळणारी मदत यांची माहिती देऊन. मदत उपलब्ध नसेल तर पत्राने फक्त घाव होतो. बहुतेक ठिकाणी पालकांना मोजणीला नकार देण्याची मुभाही असते. ती आधी कळवली गेली पाहिजे.

८. हे सगळं किती लहान वयापासून सुरू करायचं?

जन्माआधीपासून. गरोदरपणातला मधुमेह आणि वजन यांचा बाळाच्या पुढच्या वजनाशी संबंध असतो, म्हणून प्रसूतिपूर्व तपासणी हीसुद्धा लठ्ठपणा रोखण्याची जागा आहे. नंतर पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर वरचं खाणं सुरू करून दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून पुढे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. पण शिफारस सांगून नर्सने निघून जायचं आणि आईने एकटीने झगडायचं, यात अर्थ नाही. विभागाचं काम पुढचं: घरी येणारी प्रशिक्षित परिचारिका, कामाच्या जागी दूध काढायला बंद खोली, प्रसूतिगृहात डब्याच्या दुधाचे फुकट नमुने वाटले जात नाहीत ना यावर लक्ष. अशा प्रचाराला आवर घालणारी आंतरराष्ट्रीय संहिता १९८१ पासून आहे. ज्या आईला काही कारणाने दूध देता येत नाही तिला अपराधी वाटायला लावणं हे त्यात बसत नाही.

९. शाळेत पाण्याचे नळ बसवणं ही लठ्ठपणावरची योजना कशी?

जर्मनीतल्या डॉर्टमुंड आणि एसेन या शहरांत गरीब भागातल्या ३२ प्राथमिक शाळांवर प्रयोग झाला. काही शाळांत थंड पाण्याचे नळ, मुलांना बाटल्या आणि पाण्यावरचे चार धडे. बाकीच्या शाळांत काही नाही. शाळेचं वर्ष संपताना प्रयोगातल्या शाळांत जादा वजनाचा धोका ३१ टक्के कमी निघाला. न्यूयॉर्कच्या शाळांत थंड पाण्याची यंत्रं बसवल्यावरही बीएमआयमध्ये छोटी, पण मोजता येण्याजोगी घट दिसली. तहान लागल्यावर हाताशी जे असेल ते मूल पितं. म्हणूनच नळ बसवण्याइतकाच तो रोज चालू राहणं, स्वच्छ असणं आणि शौचालयाच्या दारात नसणं महत्त्वाचं.

१०. शाळेच्या फाटकासमोरच जंक फूडची दुकानं आहेत. विभाग ती बंद का करत नाही?

कारण चालू, परवानाधारक दुकान केवळ पदार्थ तळकट आहेत म्हणून बंद करायचा अधिकार बहुधा नसतो. अस्वच्छ असेल तर असतो. नवीन दुकानं रोखणं हे नगररचनेच्या हातात असतं. इंग्लंडमधल्या बऱ्याच परिषदांनी शाळेपासून ठरावीक अंतरात, पुष्कळदा ४०० मीटरमध्ये, नवीन टेकअवेंना, म्हणजे खाणं बांधून देणाऱ्या दुकानांना, परवानगी न देण्याचं धोरण केलं आहे.

मात्र एवढ्यावर भिस्त ठेवू नका. लॉस एंजेलिसने २००८ मध्ये शहराच्या दक्षिण भागात स्वतंत्र इमारतीतल्या नव्या फास्ट फूड दुकानांवर बंदी आणली. काही वर्षांनी तपासलं तर तिथलं लठ्ठपणाचं प्रमाण उलट वाढलेलं, आणि तेही शहराच्या इतर भागांपेक्षा जास्त. जुनी दुकानं होतीच, आणि जो प्रकार बंदीत बसत नव्हता तो येतच राहिला. शाळेसमोरच्या दुकानाची खरी स्पर्धा शाळेच्या आतल्या जेवणाशी आहे. आतलं जेवण गरम, चवदार आणि बसून खायला पुरेसा वेळ असेल तर फाटकाबाहेरची रांग छोटी होते.

११. मेनूवर कॅलरी छापल्या की लोक कमी खातात का?

थोडे. न्यूयॉर्कने २००८ मध्ये १५ किंवा अधिक शाखा असलेल्या साखळी उपाहारगृहांना हे सक्तीचं केलं. पुढे २० किंवा अधिक शाखांसाठी तो देशभरचा नियम झाला आणि २०१८ मध्ये अमलात आला. गिऱ्हाईकाच्या वागण्यातला सरासरी फरक छोटा दिसतो. खरा फायदा बहुधा स्वयंपाकघरात होतो: आकडा छापावा लागणार म्हटल्यावर पदार्थाची कृतीच बदलली जाते. खाण्याचा विकार असलेल्यांना हे आकडे त्रासदायक ठरतात, ही तक्रार खरी आहे. इंग्लंडच्या २०२२ च्या नियमात गिऱ्हाईकाने मागितल्यास बिनकॅलरीचा मेनू द्यायची मुभा हॉटेलांना ठेवली आहे.

१२. शीतपेयांवर कर लावला की लोक शेजारच्या गावात जाऊन घेतील. मग उपयोग काय?

काही जातातच. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने जानेवारी २०१७ पासून गोड पेयांवर दर औंसाला, म्हणजे सुमारे ३० मिलिलिटरला, दीड सेंट कर लावला. शहरातल्या मोठ्या दुकानांतली विक्री ५१ टक्के घटली. त्यातला काही भाग शहराच्या हद्दीबाहेर वाढला, आणि तो वजा केल्यावरही ३८ टक्के घट उरली. म्हणजे तुमची शंका बरोबर, निष्कर्ष चूक.

असा कर लावणाऱ्यांच्या यादीत पहिलं अमेरिकी शहर बर्कली. २०१४ च्या मतदानात कर मंजूर झाला, २०१५ मध्ये लागू. तिथे गरीब वस्त्यांत गोड पेयं पिण्याचं प्रमाण पहिल्या काही महिन्यांत २१ टक्के उतरलं. उलट शिकागोच्या कुक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, २०१७ च्या ऑगस्टमध्ये आलेला कर डिसेंबरच्या सुरुवातीला रद्दही झाला. फरक कुठे पडला? माझ्या वाचनात मोठं कारण पैशाचं. फिलाडेल्फियात पैसा बालवाड्या, शाळा आणि बागांना जाणार हे आधी सांगितलं होतं. कुक काउंटीत तो तूट भरून काढायला आहे, अशीच लोकांची समजूत झाली.

करामुळे विक्री घटते हे पक्कं. त्यातून पुढे किती किलो वजन घटतं, हा पुरावा तितका घट्ट नाही. जो विभाग तसं वचन देतो त्याच्यावर सावधपणे विश्वास ठेवा. आणि स्थानिक पातळीवर कर लावता येईलच असं नाही. कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये राज्यानेच शहरांना नवे शीतपेय-कर लावायला २०३० च्या अखेरीपर्यंत मनाई केली.

१३. विभागाला इतका कळवळा आहे तर मोठ्या ग्लासांवर सरळ बंदी का नाही?

ते करून झालं आहे. न्यूयॉर्कच्या आरोग्य मंडळाने सप्टेंबर २०१२ मध्ये उपाहारगृहं, चित्रपटगृहं वगैरे ठिकाणी १६ औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे ४७० मिलिलिटरपेक्षा मोठ्या ग्लासातून गोड पेयं विकायला बंदी केली. २०१३ च्या मार्चमध्ये, नियम लागू व्हायच्या आदल्या दिवशी, न्यायालयाने तो अडवला. जून २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असं धोरण ठरवणं निवडून आलेल्या नगर परिषदेचं काम आहे, नेमलेल्या मंडळाचं नाही.

याच मंडळाने २००६ मध्ये उपाहारगृहांतल्या ट्रान्स फॅटवर (तेल कृत्रिमरीत्या घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला घातक चरबी) आणलेली बंदी मात्र टिकली, आणि काही वर्षांनी देशभर तसाच नियम झाला. ट्रान्स फॅट काढलं तर गिऱ्हाईकाला चवीत फारसं कळत नाही, ग्लास लहान झाला तर लगेच दिसतं. शिवाय ग्लासाच्या नियमात भोकं होती. काही दुकानं मंडळाच्या अखत्यारीबाहेर, म्हणून त्यांना सूट. एकाच रस्त्यावर एकाला बंदी, दुसऱ्याला नाही, हे न्यायालयालाही खटकलं. नियम करण्याआधी वकिलाला आणि नगरसेवकांना सोबत घेणं हे आहारतज्ज्ञाला सोबत घेण्याइतकंच गरजेचं, ते यासाठी.

१४. टीव्ही, मोबाइलवरच्या जाहिराती स्थानिक विभाग कशा थांबवणार?

त्या नाही थांबवता येत, तो राष्ट्रीय कायद्याचा प्रांत. पण बसथांबे, स्थानकं, मैदानं, पालिकेचे फलक ही जागा शहराची असते. लंडनने २५ फेब्रुवारी २०१९ पासून आपल्या सार्वजनिक वाहतुकीच्या जाळ्यावर जास्त चरबी, मीठ, साखर असलेल्या पदार्थांच्या जाहिराती बंद केल्या. नंतरच्या अभ्यासानुसार अशा पदार्थांतून घरात येणाऱ्या कॅलरी, बंदी नसती तर जेवढ्या झाल्या असत्या त्याच्या तुलनेत, दर घरामागे आठवड्याला सुमारे १००० ने कमी राहिल्या.

१५. एक शीतपेय कंपनी आमच्या गावात मुलांसाठी मैदान बांधून द्यायला तयार आहे. विभागाने नाही म्हणायचं?

मी तर ‘नाही’च म्हणेन. मैदान वाईट नाही, पण फुकटही नाही. त्याच्या बदल्यात ‘पिण्याने काही होत नाही, हालचाल कमी पडते’ हा संदेश मुलांच्या डोळ्यांसमोर कायमचा रंगवला जातो, आणि उद्या करावर चर्चा निघाली की विभागाची जीभ जड होते. घ्यायचंच ठरलं तर फलकावर नाव नाही, पेयविक्रीचा हक्क नाही, अभ्यासक्रमात हात नाही, या अटी लेखी घाला. अटी पाहून देणगी मागे घेतली गेली तर मैदान कशासाठी होतं ते कळेल.

१६. पदपथ आणि सायकलमार्ग हे तर बांधकाम खात्याचं. आरोग्य विभाग त्यात कशाला?

कारण लठ्ठपणावरचे बरेच उपाय आरोग्य विभागाच्या हातात नसतातच. कोलंबियातल्या बोगोतामध्ये दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभरहून अधिक किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद आणि माणसांना खुले असतात. १९७४ पासूनची ही प्रथा चालवते ती शहराची क्रीडा आणि करमणूक संस्था. आरोग्य विभागाने अशा ठिकाणी तीन गोष्टी आणायच्या: कुठल्या वस्तीत चालायला जागा नाही आणि आजार जास्त आहेत त्याचा नकाशा, नव्या आराखड्यावर वेळेत नोंदवलेली लेखी हरकत, आणि बैठकीला दर वेळी येणारा एकच अधिकारी. दर वेळी नवा माणूस पाठवला की बाकीची खाती समजून जातात.

इथे एक गैरसमज काढून टाकू. हालचालीने रक्तदाब, साखर, झोप, मन सगळं सुधारतं, पण नुसत्या चालण्याने वजन फार उतरत नाही. मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं आणि प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, ही शिफारस वजनकाटा हलो न हलो, पाळण्यासारखी आहे.

१७. आमच्या भागात कुपोषण आहे. तिथे लठ्ठपणाच्या गप्पा कशाला?

कारण दोन्ही एकाच घरात सापडतात: खुरटलेलं मूल आणि जादा वजनाची आई. स्वस्त पोट भरणाऱ्या, पण पोषण कमी असलेल्या खाण्याने दोन्ही होतं. कमी वजनाच्या मुलांचं वजन भराभर वाढवणारी योजना साखर आणि तेलावर उभी असेल तर ती दुसऱ्या टोकाची तयारी करते. म्हणून वजनाबरोबर उंचीही मोजायची. नुसतं वजन वाढलं म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत.

१८. आता वजन उतरवणारी इंजेक्शनं आली. मग प्रतिबंधावर खर्च का?

ही औषधं खरोखर परिणामकारक आहेत आणि ज्यांना गरज आहे त्यांना ती मिळायला हवीत. पण ती उपचार आहेत. थांबवली की बऱ्याच जणांचं वजन परत येतं, खर्च मोठा, आणि चार वर्षांच्या मुलाच्या पाळणाघरात काय वाढलं जातं याचं उत्तर त्यांत नाही. दोन्ही एकमेकांच्या आड आणणारा युक्तिवाद बहुधा अर्थसंकल्पाच्या आठवड्यातच ऐकू येतो.

१९. विभागाच्या मोहिमेत जाड माणसांची मुंडकी कापलेले फोटो वापरलेत. याने लोक सुधारतात का?

नाही. हिणवलं गेलेलं माणूस डॉक्टरकडे जायचं टाळतं, व्यायामाच्या जागी जायला लाजतं, आणि वजन पुढे वाढण्याची शक्यताच जास्त, असं संशोधन सांगतं. फोटो लावायचेच तर चेहऱ्यासकट, सन्मानाने, काहीतरी करत असलेल्या माणसांचे. विभागाला लेखी कळवा. हे बदलायला एक पैसाही लागत नाही. स्वतःच्या दवाखान्यातही बघा म्हणावं: खुर्च्या रुंद आहेत का, मोठ्या दंडाला बसेल असा रक्तदाबाचा पट्टा आहे का. तो नसेल तर रक्तदाब चुकीचा, बहुधा जास्त, मोजला जातो.

२०. आमच्या विभागात तीनच माणसं आहेत. सुरुवात कुठून करू?

हा प्रश्न विभागातलेच लोक विचारतात. पाळणाघरं आणि शाळांतली पेयं. एवढंच. पाणी उपलब्ध करा, गोड पेयं आवारातून काढा, तपासणीच्या तक्त्यात ते लिहा. शिबिराचा खर्च आणि वेळ वाचवून याला द्या. मोजणीची नवी यंत्रणा उभी करू नका. शाळा-आरोग्य तपासणीत आधीच घेतलेल्या उंची-वजनाच्या वह्या कुठेतरी धूळ खात असतील, त्या आधी काढा. दुसऱ्या वर्षी खरेदीचे निकष. करांच्या भानगडीत तीन माणसांनी पडू नये.

२१. पाच वर्षं कार्यक्रम चालला, आकडा हलला नाही. बंद करायचा का?

आधी विचारा, आकडा कशाच्या तुलनेत हलला नाही. शेजारच्या भागात तो वाढत असताना इथे स्थिर राहिला असेल तर ते यशच आहे. मधले टप्पेही बघा: नळ चालू आहेत का, पेयांची विक्री घटली का, नियम पाळला जातो का. नियम पाळलाच गेला नसेल तर कार्यक्रम फसला असं म्हणता येत नाही, तो झालाच नाही.

ॲम्स्टरडॅमने आपला कार्यक्रम सुरू करताना मुदतच साधारण २० वर्षांची ठेवली: २०३३ पर्यंत सगळी मुलं निरोगी वजनाची. पहिल्या टप्प्यात, २०१२ ते २०१५ दरम्यान, जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २१ वरून १८.५ टक्क्यांवर आल्याचं शहराने जाहीर केलं आणि जगभरातून लोक बघायला गेले. त्यातलं किती कार्यक्रमामुळे आणि किती इतर कारणांनी, हे तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने वेगळं काढणं अवघड आहे. म्हणून नवा उपाय सगळीकडे एकदम न आणता आधी अर्ध्या शाळांत, मग उरलेल्यांत आणावा. वर्षभरात तुलनेला गट आपोआप मिळतो आणि उरलेल्या शाळांवर अन्यायही होत नाही. तुलना नीट करूनही, नियम नीट पाळूनही काही हललं नसेल, तर हो, बंद करा, कारणांसकट जाहीर करा आणि पैसे पुढच्या गोष्टीला वळवा. लॉस एंजेलिसचा अनुभव (प्रश्न १०) कुणीतरी मोजून छापला, म्हणूनच दुसऱ्या शहरांना तो आयता वापरता येतो.